श्रीरामपूरचें दप्तर
(गांवच्या वाचनालयांत दिलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी मनांत म्हणतील कीं, बंगालच्या पाद्र्यांच्या विद्यालयाशीं आपणां शेतकरी-कारागिरांचें काय देणेंघेणें? थोडा धीर धरा. ज्यानें १८१० सालीं मराठी भाषेचा कोश मोडी अक्षरांत छापला, तो विल्यम केरी मूळचा जोडे शिवणारा होता. त्याचा सोबती जोशुआ मार्शमन विणकराचा मुलगा व शाळामास्तर. दुसरा सोबती विल्यम वॉर्ड छापखान्यांत शाईनें हात काळे केलेला. तिघेही इंग्लंडांतील बाप्टिस्ट पंथाचे. राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांस त्या काळीं ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. विद्येचें दार बंद असणें म्हणजे काय, हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें.

कंपनी सरकारास आपल्या मुलुखांत पाद्री नको होते. म्हणून १८०० सालीं हे लोक हुगळीकांठीं, डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरांत राहिले. १८१८ सालीं त्यांनीं तेथें कॉलेज काढलें. पहिले विद्यार्थी ३७. १८२७ सालीं डेन्मार्कच्या राजानें पदव्या देण्याची सनद दिली. जात, रंग किंवा देश यांमुळें कोणासही प्रवेशाची आडकाठी होऊं नये, असा नियम १८३३ सालीं लेखी झाला. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें मी लपवीत नाहीं. त्यांचा धर्म ज्याला नको त्यानें घेऊं नये. पण जो नियम कागदावर आला, तो कोणाला नाकारतां येत नाहीं.

कागदाचें बळ पाहा. १८४५ सालीं इंग्रजांनीं श्रीरामपूर विकत घेतलें. डेन्मार्कचें राज्य गेलें, सनद मात्र राहिली. तिच्याच आधारावर १९१८ सालीं बंगालच्या कायदेमंडळानें कायदा केला, आणि धर्मशास्त्राच्या पदव्या तेथून आजही दिल्या जातात.

कागद गेला म्हणजे काय होतें, तेंही तेथेंच दिसलें. ११ मार्च १८१२ रोजीं त्यांच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखितें जळालीं. खिळ्यांचे मूळ सांचे वांचले होते, म्हणून वितळलेली धातु पुन्हां ओतून थोड्याच दिवसांत काम सुरू झालें. पण केरी अनेक भाषांचा जो मोठा कोश लिहीत होता, तो जळाला तो कायमचा. धातु पुन्हां ओततां आली. लिहिलेलें पुन्हां आणतां आलें नाहीं.

ते सांचे कोणाच्या हातचे? पंचानन कर्मकार याच्या आणि त्याचा जांवई मनोहर याच्या. कर्मकार म्हणजे लोहार. केरीला मराठी कामीं मदत करणाऱ्या वैजनाथ पंडितांचें नांव जसें आपल्यापर्यंत आलें, तसें या लोहाराचेंही आलें. कारण कोणीतरी तें लिहून ठेवलें आणि तो कागद जपला. मिशनचे कांहीं कागद आज श्रीरामपूरच्या केरी ग्रंथालयांत आहेत, कांहीं ऑक्सफर्डास. ज्या गांवचें विद्यापीठ यांना पदवी देत नव्हतें, तेथेंच आज यांचें दप्तर मानानें ठेवलें आहे!

आतां आपल्या घराकडे वळूं. महात्मा फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला. आमच्या पणजोबांचें लग्न भटाविना लागलें. त्याची टिपणवही मीं लहानपणीं पाहिली होती. एका दिवाळीच्या साफसफाईंत ती रद्दीवाल्याच्या तराजूंत गेली. मीं शाळेंत पोरांना इतिहास शिकवितों. पण माझ्याच घरच्या इतिहासाचा पुरावा कोणी मागितला, तर माझ्याजवळ नुसतें तोंड आहे! दुसऱ्यांनीं आमचा इतिहास लिहिला नाहीं, असें आपण नेहमीं म्हणतों. तें खरें आहे; पण जो होता तो आपण किलोवर विकला, हेंही खरें आहे.

म्हणून हात जोडून सांगणें इतकेंच. माळ्यावरचें मोडी रुमाल, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद, लग्नाच्या याद्या, जुने अंक रद्दींत घालूं नका. कोरड्या जागीं, जमिनीपासून उंच, कडुनिंबाचा पाला घालून स्वच्छ फडक्यांत बांधा. गांठोड्यावर नांव व साल लिहा. छायाचित्र काढून एक प्रत या वाचनालयांत द्या.

जोडे शिवणाऱ्यानें आपलें दप्तर जपलें. आपणही जपूं या.