सिलेंडरच्या नॉबला शेवटचा हात कुणाचा?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण मालवण-तारकर्लीला किंवा अंदमानला स्कूबाचा प्लॅन असेल तर शेवटपर्यंत ऐका. विषय आहे पाण्यात उडी मारण्याआधीची दोन मिनिटं.

‘पाडी’ या संस्थेच्या कोर्समध्ये उडीआधीची तपासणी पाच टप्प्यांत शिकवतात. एका हाताच्या पाच बोटांवर मोजा. पहिलं, जॅकेट, म्हणजे बीसीडी: हवा भरते का, सुटते का, आणि सिलेंडरचा पट्टा घट्ट आहे का. दुसरं, वजनं: जागेवर आहेत का, आणि गरज पडली तर एका झटक्यात सोडता येतील का. तिसरं, बकल: तुमचे आणि जोडीदाराचे, कुठला कसा उघडतो. चौथं, हवा. पाचवं, शेवटची नजर: मास्क, फिन्स, लोंबकळणारी एखादी नळी. ही तपासणी जोडीने करायची. तुम्ही त्याची, तो तुमची.

आता चौथ्या बोटावर जरा थांबू, कारण खरी गंमत, खरं तर खरा धोका, तिथेच आहे.

सिलेंडरचा नॉब तुमच्या पाठीमागे असतो. तुम्हाला तो दिसत नाही. बोट हलतेय, सगळे घाईत आहेत, आणि बोटीवरचा एखादा दादा मदत म्हणून जाता जाता तुमचा नॉब ‘चेक’ करतो. हेतू अगदी चांगला असतो. पण तुम्ही तो आधीच पूर्ण उघडलेला असतो. त्याला वाटतं आपण उघडतोय, आणि प्रत्यक्षात तो बंद करत जातो. वरून काही जणांना जुनी सवय असते: पूर्ण उघडायचा आणि मग थोडासा उलटा फिरवायचा. इथे नॉब पूर्ण बंद होऊन थोडासाच उघडा राहतो. म्हणून आता अनेक प्रशिक्षक सांगतात, नॉब एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नको.

बरं, मग ते लगेच कळत का नाही? कारण गेज २०० बार दाखवत असतो! नॉब बंद केला तरी नळीत अडकलेल्या हवेचा दाब तसाच राहतो. काटा बघून ‘फुल आहे’ म्हणालात तर फसलात. त्या नळीतल्या हवेवर एक-दोन श्वाससुद्धा मिळतात.

अर्धवट उघडा नॉब तर आणखी फसवा. बोटीवर श्वास मस्त येतो. पण १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट होतो, आणि तेवढ्याच श्वासासाठी सिलेंडरमधून दुप्पट-तिप्पट हवा यावी लागते. ती त्या फटीतून येत नाही. म्हणजे दगा मिळतो तो खाली गेल्यावर.

नॉब पूर्ण बंद असताना उडी मारली तर? जॅकेटमध्ये बटण दाबून भरायची हवासुद्धा त्याच सिलेंडरमधून येते. श्वास नाही, तरंगणं नाही, आणि कमरेला वजनं. म्हणून बोटीवरून उडी मारण्याआधी जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची. जॅकेट तोंडाने कसं फुगवायचं आणि वजनं कशी सोडायची, हेही आधीच शिकून घ्यायचं.

यावरचा उपाय फुकट आहे. रेग्युलेटर तोंडात, डोळे गेजवर, आणि तीन-चार मोठे श्वास. काटा स्थिर राहिला तर नॉब उघडा आहे. श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर अर्धवट उघडा. खाली गेला आणि परत आलाच नाही तर बंद. जोडीदारासाठी असलेल्या दुसऱ्या रेग्युलेटरमधूनही श्वास घेऊन बघा.

आणि एक नियम स्वतःला लावून घ्या: माझ्या नॉबला कुणाचाही हात लागला, तर हे श्वास पुन्हा. मग तो हात वीस वर्षं डायव्हिंग करणाऱ्याचा का असेना. यात अपमान कुणाचाच नाही. रॅपलिंगला लीडरने हार्नेस बांधून दिला तरी आपण बकल ओढून बघतोच ना? सरळ म्हणा, “दादा, सिलेंडर उचलायला मदत करा, पण नॉबला हात लावलात तर मला सांगा हं.” चांगला माणूस हसून हो म्हणेल.

“पण मी तर पहिल्यांदाच जातोय, सगळं इन्स्ट्रक्टरच बघतो,” असं म्हणाल. बरोबर, पहिल्या डाइव्हला तुमचं सामान तोच सांभाळतो. तरी गेज माझ्यासमोर धरा, मला श्वास घेऊन बघू द्या, एवढं तुम्ही नक्की मागू शकता. आणि “वेळ नाही” असं उत्तर आलं, तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. पैसे गेले तरी चालतील.

स्कूबाला जाणारा जो मित्र किंवा मैत्रीण आहे, त्यांना हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!