सुईच्या आधी काच

(वैतरणा येथे उपासनेनंतर केलेले भाषण)



तुमच्या देणगीतून पाड्यावरच्या एका वारली कुटुंबाला आपण संकरित गाय दिली होती. पावसाळ्याच्या तोंडी तिला ताप भरला. खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, रवंथ थांबले. मी जनावरांचा डॉक्टर; पण त्या दिवशी घाईत होतो. साधा ताप समजून प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. पाचव्या दिवशी गाय गेली. घरधनिणीने एवढेच विचारले, "डॉक्टर, तिला झालं होतं काय?" मला सांगता आले नाही.

उत्तर गायीच्या रक्तात होते. कानाच्या शिरेतला एक थेंब काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा आणि जिम्साच्या रंगाने रंगवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक परजीवी आपल्या रूपाने ओळखू येतो. थायलेरिया तांबड्या पेशीत इवल्या अंगठीसारखा दिसतो. सुजलेल्या गाठीतले पाणी तपासले तर पांढऱ्या पेशींत त्याचे निळसर पुंजके सापडतात. बबेसिया म्हणजे निमुळत्या टोकाशी जुळलेले दोन थेंब. त्याने लघवी कॉफीसारखी होते. सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा पेशींच्या बाहेर, नागमोडी दोऱ्यासारखा. पहिले दोन गोचिडांतून येतात, तिसरा चावणाऱ्या माश्यांतून. वरून तिन्ही ताप सारखेच वाटतात. पण थायलेरियाला बुपार्वाक्वोन लागते, बबेसियाला डिमिनॅझिन. अंदाज चुकला तर औषधही वाया आणि दिवसही.

ही विद्या नवी नाही. 1889 साली पुण्यात सुरू झालेल्या सरकारी प्रयोगशाळेचे डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्राचा अभ्यास केला होता. इतक्या वर्षांनी माझ्या पिशवीत मात्र काचपट्टी नव्हती.

आता आहे. सुईच्या आधी काच, हा मी स्वतःला घातलेला नियम. पाड्यावरच्या दोन मुली रक्त काचेवर पसरायला शिकल्या आहेत. गोठ्याच्या फटी लिंपायच्या, कारण गोचीड तिथेच दडतात, हे त्याच घरोघरी सांगतात.

चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, असे आपण मानतो. त्यांच्या दुखण्यालाही नावाने ओळखायला हवे. त्या घरी अजून दुसरी गाय आलेली नाही. ती जरूर द्या. पण तिच्यासोबत काचपट्ट्या, रंग आणि एक सूक्ष्मदर्शकही द्या. आणि त्या कुटुंबाला प्रार्थनेत आठवा.