मुलांना शब्द द्या
(गोडदेव येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आपण आज जेथे जमलो आहोत ते गोडदेव एके काळी भाईंदरच्या मिठागरांच्या आसमंतातील लहानसे गाव होते. १९८५ साली मिरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि गाव इमारतींच्या आड गेले. येथे आता शेजारी शेजाऱ्यास ओळखत नाही. यावर, 'आमच्या खेड्यात सारे ओळखीचेच, तेथे मुलांना भय कसले?' असे आपण म्हणाल. परंतु हा समज पारखून घेतला पाहिजे. केंद्र शासनाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारले गेले. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या परिचयाचे वा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती.

का सांगितली नव्हती? शरीराच्या तक्त्यावर छडी ठेवून आपण डोळे, नाक, छाती, पोट असे खाली येतो आणि पोटावरून एकदम गुडघ्यावर उतरतो. मधल्या भागाविषयी बोलावयाचे नसते, हे मूल त्याच दिवशी शिकते. शिवाय 'मोठ्यांचे ऐकावे' हा धडा आपण रोज देतो. मग मुलाने सांगावे कसे?

माझाच प्रमाद सांगतो. तिसरीतील एक मुलगी दर शनिवारी शाळा सुटताना पोट दुखते म्हणून रडत असे. मी तिला ओवा देई व घरी पाठवी. घरी जावयाचे नाही, एवढेच ती सांगत होती, हे मला फार उशिरा उमगले. तिला शब्द कोणी दिले नव्हते; ते काम माझे होते.

यासाठी निराळा तास नको. आरोग्याच्या पाठातच मुलगे व मुली दोघांनाही चार गोष्टी सांगाव्यात. पहिली, सर्व अवयवांची नावे. ती हसू न आणता उच्चारावी. दुसरी, स्वच्छतेसाठी आई किंवा आईसमक्ष डॉक्टर यांच्याखेरीज तेथे कोणी हात लावू नये. मग तो नातलग असो वा गुरुजी. तिसरी, 'आईला सांगू नकोस' असे बजावलेले गुपित मुळीच राखू नये. चौथी, एकाने ऐकले नाही तर दुसऱ्यास सांगावे, आणि दोष आपला नव्हे हे जाणावे. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही पाठ करून घ्यावा.

पालक रागावतील ही भीती रास्त आहे. म्हणून आधी पालकसभा घ्यावी. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून अशा विषयांवर स्पष्ट लिहिले आणि त्यापायी खटले सोसले. आपल्याला केवळ तक्ता पुरा करावयाचा आहे.

आणि मुलाने सांगितले तर? शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये, 'ओरडलास का नाहीस?' असे विचारू नये. शिक्षकांच्या खोलीत चर्चा करू नये. मुलाची ओळख गुप्त राखणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांस देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असून ती न देणे हा गुन्हा आहे. 'गावातच मिटवू' हा सल्ला शिक्षकाने देऊ नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरच्या शाळेतील प्रकार उघडकीस आला तो मुलीने घरी सांगितले म्हणून. पुढे तक्रार नोंदविण्यात विलंब झाला आणि उच्च न्यायालयाने त्याचा जाब विचारला. त्या बालिकेने आपले काम केले होते. उशीर मोठ्या माणसांनी केला.

उद्या शाळेत गेल्यावर प्रथम भिंतीवरचा तो तक्ता पाहावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.