थाळीवरचे चित्र आणि घाटाचे नाव

काशीच्या या अमृतराव घाटावर इंग्रजी चिनीमातीच्या थाळ्यांचा विषय काढणे काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु त्या थाळ्यांचा या प्रदेशाशी संबंध आहे, आणि तो जाणून घेण्याजोगा आहे.

टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्यास आले. पुढील सात वर्षे त्यांनी देशभर हिंडून देवळे, मशिदी, किल्ले व घाट रेखाटले. दशाश्वमेध घाट आणि चुनारचे एक प्रवेशद्वारही त्यांत आहे. मायदेशी परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडातील कुंभारकारखान्यांच्या हाती तो आयताच लागला.

या कारखान्यांची रीत अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचे. कोबाल्टचा रंग तेलात खलून, तो पत्रा तापवून, कोरीव रेषांत भरावयाचा. पातळ कागदावर छाप घेऊन तो कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर घासून बसवावयाचा. मग पाण्याने कागद सोडवून, वर झिलई देऊन भांडे पुन्हा भट्टीत घालावयाचे. झिलईच्या भट्टीची धग सोसणारा भरवशाचा रंग निळाच, म्हणून या थाळ्या निळ्या. हाताने रंगविलेले भांडे श्रीमंतांचे. छापाचे भांडे मध्यमवर्गीयांच्या टेबलावरही आले.

याच सुमारास अमेरिकेत मोठे गिऱ्हाईक होते. १८१५ मध्ये युद्ध संपून व्यापार पुन्हा सुरू होताच स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी बोस्टन, न्यूयॉर्क येथील इमारती गडद निळ्या रंगात छापून तिकडे धाडल्या. अमेरिकन कुटुंब आपल्याच नगराचे चित्र पाहत जेवू लागले. चित्र ओळखीचे म्हणून थाळी खपे.

भारताच्या चित्रांची गोष्ट निराळी. ती भारतीयांसाठी नव्हतीच. जॉन रॉजर्स आणि पुत्र या एकाच कारखान्याची दोन उदाहरणे घ्यावीत. त्यांच्या थाळीवरील बोस्टनचे राज्यभवन आजही ‘बोस्टनचे राज्यभवन’ म्हणूनच ओळखले जाते. त्यांच्याच दुसऱ्या थाळीवर डॅनियल यांच्या चित्रावरून घेतलेली, दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याजवळील एक पडकी इमारत आहे. संग्राहक मात्र त्या नक्षीला ‘मोनोप्टेरॉस’ म्हणतात. हा शब्द भिंती नसलेल्या, खांबांवर तोललेल्या ग्रीक मंदिराचा! दिल्लीची वास्तू राहिली, दिल्लीचे नाव गेले. ज्याच्या पैशाने थाळी विकली जाते, त्याच्याच ओळखीची नावे तिच्याबरोबर टिकतात.

डॅनियल काशीला आले तेव्हा हा घाट आजच्या रूपात नव्हता. राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव १८०३ मध्ये इंग्रजांशी तह करून पुण्याच्या राजकारणातून बाजूस झाले, आणि १८०७ च्या सुमारास त्यांनी येथे दगडी बांधकाम केले. पराभूत झालेल्या पुरुषाचे नाव गंगेच्या काठी राहिले. लोक यास राजा घाटही म्हणतात. पण ते नावही येथल्याच माणसांनी दिलेले आहे.

१८४२ च्या इंग्रजी स्वामित्वहक्क कायद्यानंतर पुस्तकांतील चित्रे उचलणे कठीण झाले आणि ही लाट ओसरली. थाळ्या संग्रहालयांत गेल्या. तेथे अशी थाळी दिसल्यास तिचे सौंदर्य जरूर पाहावे. आणि मग विचारावे, ही वास्तू कोणत्या गावची, आणि त्या गावचे लोक तिला काय म्हणत होते?