माहिती आपली, पहाराही आपलाच

२०२१ साली एअर इंडियाने जाहीर केलं, की सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली आहे. नावं, जन्मतारखा, पासपोर्टचा तपशील. यात प्रवाशांची काहीच चूक नव्हती. अशी चोरलेली माहिती पुष्कळदा डार्क वेबवर, म्हणजे ओळख लपवून वावरण्याच्या इंटरनेटवरच्या छुप्या जागी, विकली जाते. तिथे गेलेली माहिती परत आणता येत नाही. मात्र तिचा गैरवापर रोखणं आपल्या हाती आहे.

एका ठिकाणचा पासवर्ड मिळाला, की गुन्हेगार तोच दहा ठिकाणी लावून पाहतात. म्हणून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड वेगळा आणि लांब ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एका पायरीची खातरजमा, सुरू करा. आधारची प्रत मागितली, तर जिथे चालेल तिथे फक्त शेवटचे ४ अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्या. आधारच्या अधिकृत ॲपवर बोटांचे ठसे लॉक करता येतात. आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत, ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा.

फोनवर कुणी तुमची जन्मतारीख बिनचूक सांगितली, म्हणून तो बँकेचा माणूस ठरत नाही. ओटीपी सांगू नका.

आणि पैसे गेलेच, तर संकोच न करता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये हा नंबर आजच साठवून द्या.