'तेव्हा असं नव्हतं': नेमकं कधी?



मी सॉफ्टवेअरमधला माणूस, इतिहासकार नाही. पण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फिरतं ते मीही रोज वाचतो. अलीकडे त्यात जुन्या दिवसांचं प्रमाण फार वाढलंय. 'रामायण', 'महाभारत', 'नुक्कड'च्या क्लिप्स आणि जुन्या नेत्यांचे फोटो. खाली एकच वाक्य: 'तेव्हा असं नव्हतं.' अंतुले साहेबांचा फोटो तर हमखास असतो. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री, १९८० ते १९८२. फॉरवर्ड करणाऱ्या बहुतेकांचा जन्म त्यांच्या राजीनाम्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला. जो काळ आपण पाहिलाच नाही त्याची आपल्याला एवढी ओढ का लागावी?

एक कारण माझ्या धंद्यातलं आहे. तुम्ही कुठल्या रीलवर दोन सेकंद जास्त थांबता हे यंत्र मोजतं आणि तसलंच पुढे वाढतं. गोड उदासीवर माणूस थांबतो. दुसरं कारण साधं आहे. आज भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितलं की फोन कट होतो. अशा वेळी जुना काळ बरा वाटणारच. त्या भावनेची मी चेष्टा करणार नाही. फक्त तारखा तपासू.

'रामायण' जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं. सगळी गल्ली एका टीव्हीसमोर बसायची हे आपण थोरांकडून ऐकतो आणि ते खरंही आहे. त्याच वर्षी, २२ मे रोजी, मेरठच्या हाशिमपुऱ्यातून पीएसीच्या जवानांनी मुस्लिम पुरुषांना ट्रकमध्ये घालून नेलं आणि कालव्याच्या काठी गोळ्या घातल्या. केंद्रात आणि राज्यात काँग्रेसचंच सरकार होतं. शिक्षा झाली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाकडून, सोळा जणांना. म्हणजे गुन्हा 'त्या चांगल्या काळातला' आणि निकाल 'या वाईट काळातला'. आपल्या महाराष्ट्रातही भिवंडी १९७० मध्ये जळाली आणि १९८४ मध्ये पुन्हा जळाली.

म्हणून मग सगळंच खोटं होतं का? अजिबात नाही. 'महाभारता'चे संवाद राही मासूम रझांनी लिहिले, ही गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो आणि सांगावीच. मला मात्र 'तमस'ची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९८८ च्या जानेवारीत फाळणीच्या दंगलींवरची ही मालिका दूरदर्शनने दाखवायला घेतली. ती थांबवा म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानेही नाकारली. दंगल कोण घडवतं हे सरकारी वाहिनीवर घराघरांत दिसलं. आठवण काढायचीच तर मी याची काढीन, कारण तिथून आज काहीतरी मागता येतं. 'तेव्हा सगळे प्रेमाने राहत होते' यातून काय मागणार?

सिनेमाचं तर विचारूच नका. 'दीवार'मधला रहीम चाचा, ७८६ चा बिल्ला, मग 'कुली'मधला इक्बाल, त्याचाही बिल्ला ७८६. लहानपणी केबलवर हे बघताना अंगावर काटा यायचा, आजही येतो. पण 'शोले'तले इमाम साहेब आठवा. त्यांच्या मुलासाठी जबलपूरच्या बिडी कारखान्यात नोकरी ठरली आहे. मुलगा निघतो आणि मारला जातो. त्यानंतरही गावासाठी द्यायला आणखी मुलं का नाहीत, असं आंधळ्या बापाला वाटतं. चांगला मुसलमान ठरायचं तर इतकं द्यावं लागायचं! अहमद जबलपूरला पोचला असता, पहिला पगार घेतला असता, तर तो सिनेमात कुणाला दिसलाच नसता. सईद अख्तर मिर्झांनी १९८९ मध्ये 'सलीम लंगडे पे मत रो' काढला. त्यात दोन टाकीचा, बेकार, चिडलेला पोरगा आहे. त्याची क्लिप मला आजवर कुणी पाठवलेली नाही.

मिर्झांचाच 'नसीम' १९९५ चा. कैफी आझमी त्यात आजोबा आहेत. नातीला आग्र्याच्या जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत असतात आणि बाहेर १९९२ चं वर्ष सरकत असतं. ६ डिसेंबरला आजोबा जातात. म्हणजे ज्या नव्वदच्या दशकासाठी आपण हळवे होतो, त्या दशकातली माणसं आणखी मागच्या काळासाठी हळवी होत होती.

आणि तो काळ बायकांसाठी कसा होता? एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानोंची पोटगी मान्य केली. पुढच्याच वर्षी आपल्याच पुढाऱ्यांच्या दबावाखाली संसदेने कायदा करून ती वाट अरुंद केली. त्या वर्षांतल्या 'आपल्या ताकदीचा' अभिमान सांगणारे मेसेज मी वाचतो, ते जवळजवळ सगळे पुरुषांचे असतात. माझ्या खालाला मी एकदा विचारलं, जुने दिवस परत आले तर? ती म्हणाली, "तू जा, मी येत नाही."

प्रोग्रामरला एक सवय असते: काय बिघडलं ते लॉगमध्ये पाहायचं. मुंबईचा लॉग उपलब्ध आहे. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल, १९९८. डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगलींत ९०० मृत्यू, त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. पोलिसांची आणि पक्षांची नावं घेऊन लिहिलेला अहवाल आहे. ज्या सरकारने १९९६ मध्ये हा आयोगच गुंडाळला होता, नंतर त्याच सरकारला तो परत नेमावा लागला. तो वाचलेले हात वर करा. बरं. आणि त्या दशकातली गाणी पाठ असलेले?

तुमच्यापैकी बरेच जण मुंब्र्याहून आलात. घरी गेल्यावर थोरांना 'तेव्हा कसं होतं' असं मोघम विचारू नका. विचारा की आपण मुंब्र्याला कुठल्या वर्षी आलो, त्याआधी कुठे राहत होतो, ती खोली केवढ्याला विकली आणि शेजारी नंतर कधी भेटायला आले का. कुठला शेजारी आला आणि कुठला आला नाही, दोन्ही लिहून ठेवा, वर्षासकट.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरू करू या.