कोपऱ्यांत बसलेला मुलगा

नळदुर्गचें नांव काढतांच बोरी नदीवरच्या धरणाच्या पोटांतला पाणीमहाल आणि पावसाळ्यांतले नर-मादी धबधबे डोळ्यांपुढें उभे राहतात. आज मात्र किल्ला बाजूस ठेवून, तेथील किंवा तसल्याच कोणत्याहि लहान गांवांतील एका घराची कल्पना करूं. घरांतला तिशींतला मुलगा ओसरीच्या कोपऱ्यांत बसून आहे. पांच वर्षांपूर्वीं त्याला भिंतीआडून आवाज ऐकूं येत, शेजारी आपल्याला विष घालणार असें वाटे. औषध सुरू झालें, आवाज थांबले. पण तो कामाला जात नाहीं, आपण होऊन बोलत नाहीं, तीन जिनसा आणावयास सांगितल्या तर एकच घेऊन परततो. घरचे म्हणतात, ‘बरा झाला ना? मग हा आळस कां?’ श्रोतेहो, हा आळस नव्हे. हा त्या रोगाचाच दुसरा भाग होय, आणि त्याविषयींच मला आज बोलावयाचें आहे.

स्किझोफ्रेनिया या रोगाचीं लक्षणें स्थूलमानानें तीन प्रकारचीं. पहिल्या प्रकारांत जें नाहीं तें दिसतें वा ऐकूं येतें, भलभलते संशय येतात. दुसऱ्यांत जें असावयाचें तेंच ओसरतें: उत्साह, बोलणें, भावनांचा ओलावा, माणसांची ओढ. तिसऱ्यांत लक्ष, स्मृति आणि बेत आखण्याची शक्ति मंदावते. १९५२ पासून जीं औषधें प्रचारांत आलीं, त्यांनीं पहिल्या प्रकारास पुष्कळच आवर घातला. उरलेल्या दोहोंवर त्यांचा प्रभाव थोडा. रोगी पुन्हां आपल्या पायांवर उभा राहील कीं नाहीं, हें मात्र बहुतांशीं या दोहोंवरच अवलंबून असतें. म्हणून चालू औषध न सोडतां त्याच्या जोडीला आणखी कांहीं द्यावें, असे प्रयत्न जगभर चालले आहेत.

अशा जोडउपचाराची परीक्षा कशी घ्यावयाची? गोळी दिली आणि रोग्यास बरें वाटलें, एवढ्यानें भागत नाहीं. कारण नव्या डॉक्टरांची भेट, वरचेवर होणारी विचारपूस, घरच्यांची पालवलेली आशा, यांनींहि माणूस थोडा खुलतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट पाडतात. एकास खरी गोळी, दुसऱ्यास दिसावयास तशीच पण औषध नसलेली. कोणास काय मिळालें, हें रोग्यास वा तपासणाऱ्यास कळूं देत नाहींत. ही कसोटी कठोर आहे. ‘इक्लेपर्टिन’ नांवाच्या गोळीनें बुद्धीचें मांद्य कमी होईल, अशी आशा आरंभींच्या परीक्षेनें दाखविली होती. पण पुढील मोठ्या परीक्षांत ती उतरली नाहीं, असें २०२५ च्या जानेवारींत जाहीर झालें.

गोळीऐवजीं माणसाच्या सोबतीची अशीच एक परीक्षा आपल्याकडे झाली आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू येथील २८२ रोगी तिच्यांत होते. चिठ्ठीनें १८७ जणांस दवाखान्याच्या उपचाराच्या जोडीला शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांची मदत मिळाली. ९५ जणांस केवळ दवाखान्याचा उपचार. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते घरीं जात, रोग समजावून देत, औषध चुकूं देत नसत, चारचौघांत वागण्याचा आणि कामाचा सराव करवीत. बारा महिन्यांनंतरचे निष्कर्ष २०१४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. रोजच्या व्यवहारांतील असमर्थता कार्यकर्त्यांच्या गटांत अधिक घटली. लक्षणांतील एकंदर फरक मात्र निश्चित म्हणण्याजोगा नव्हता. घरच्यांवरील भार आणि लोकनिंदेचा जाच यांतहि फरक पडला नाहीं. तथापि तामिळनाडूच्या ग्रामीण भागांत लाभ सर्वांत ठळक होता. जेथें उपचारांच्या सोयी विरळ आहेत तेथेंच ही योजना प्रथम राबवावी, असें संशोधकांनीं सुचविलें.

नळदुर्गसारख्या गांवीं या सूचनेचें मोल मोठें आहे. तज्ज्ञाकडे जावयाचें तर सोलापूरची किंवा धाराशिवची वाट धरावी लागते, आणि घरचा माणूस कामावर खाडा करून किती वेळां जाणार? तज्ज्ञानें औषध नेमून द्यावें आणि पुढची सोबत गांवांतल्याच शिकविलेल्या माणसानें करावी, ही गोष्ट आवाक्याबाहेरची नाहीं. लाभ माफक आहे खरा. पण तो पारखून घेतलेला आहे.

ज्या घरीं असा रोगी आहे त्यांस माझें सांगणें एवढेंच: चालू औषध आपल्या मनानें थांबवूं नये. रोज एक लहानसें काम त्याच्याकडे सोंपवावें आणि तें झालें म्हणजे तसें बोलून दाखवावें. कोणी हमखास गुणाचें चूर्ण वा गोळी पुढें केली तर विचारावें, ‘ही न घेणाऱ्यांशीं तुलना करून पाहिली आहे काय?’ सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि त्या मुलास आळशी म्हणणें आजपासून बंद करावें. त्यास कांहींच खर्च नाहीं.